फेड म्हणून नव्हे: क्षमा मिळालेल्या माणसाने सेवेला कसं लागावं

मी चौतीस वर्षं हडपसरच्या एका कारखान्यात हिशोब खात्यात होतो. कीर्द, खतावणी, मार्चअखेरची जागरणं यांतच आयुष्य गेलं, त्यामुळे देवाच्या गोष्टीही मला आधी जमा-नावेच्या भाषेतच कळतात. आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या मुलांनी मध्यंतरी विचारलं, "काका, दर गुरुवारी ससून हॉस्पिटलला खिचडी घेऊन जाता, कंटाळा येत नाही? आम्हाला तर दोन महिन्यांत नको झालं." प्रश्न मनापासूनचा होता. मीही एके काळी थकलो होतो, आणि त्यांच्यापेक्षा फार वाईट रीतीने थकलो होतो. म्हणून सेवेला खुशीने कसं लागावं आणि ती खुशी कशी टिकवावी, हे मला जसं उमगलं तसं लिहितो.

फेडीची सेवा ओळखा

१९९६ साली मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, खजिनदारांचा मदतनीस होतो. उपासना झाली की वेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या बाजूच्या खोलीत, बसून दानार्पण मोजायचं, वहीत लिहायचं, पिशवीला गाठ मारायची. त्या वर्षी हंगामाच्या सणाला नेहमीसारखा लिलाव झाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लोक शेतातलं, परसातलं, नाहीतर मंडईतून आणलेलं काहीबाही वेदीपाशी ठेवतात, आणि उपासनेनंतर त्याची बोली लागते. साधा नारळ तीनशेला जातो, कारण पैसा देवाच्या कामाला लागणार असतो. त्या लिलावातून आणि पुढे नाताळच्या फंडातून मी चार वेळा मिळून ७,३५० रुपये घेतले. प्लॉटचा हप्ता थकला होता. उसने घेतोय असं मनाला सांगितलं. परत ठेवले नाहीत.

मग मी कामाला लागलो. पुनरुत्थान रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटेच्या उपासनेसाठी चार वाजता सतरंज्या अंथरायला मी. पावसात गळणाऱ्या छताला ताडपत्री बांधायला मी. कुणाच्या घरी मयत झालं की रात्रभर बसायला मी. लोक म्हणायचे, असा माणूस लाभायला भाग्य लागतं. आणि मी मनात एक खातं उघडून बसलो होतो. आजची पहाट जमा, ताडपत्री जमा, जागरण जमा. दहा वर्षं जमा मांडत होतो, पण बाकी एका रुपयानेही उतरत नव्हती.

उलट मी कडवट होत गेलो. कोण आलं नाही, कोण उशिरा आलं, कोण नुसतं जेवायला आलं, हे मला न लिहिता पाठ असायचं. २००६ च्या नाताळात प्रीतिभोजनाला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पातेलं उचलायला पाच-दहा मिनिटं उशिरा आला. मी त्याला भर पंगतीत इतकं बोललो की त्याच्या आईने वाढलेलं ताट तसंच ठेवलं, मुलाचा हात धरला आणि दोघं निघून गेली. पानात जिलेबी तशीच होती. ते ताट मीच उचललं.

तेव्हा पहिलं काम हे: तुम्ही करता ती सेवा फेडीची आहे का ते बघा. ओळखायला सोपी असते. फेड करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची गैरहजेरी फार टोचते, कारण त्याच्या लेखी काम म्हणजे चलन, आणि दुसरा फुकट सुटतोय असं त्याला वाटतं. नाव घ्यायचं राहिलं की तो रात्रभर तळमळतो. त्याला सुटी घेववत नाही, एक आठवडा चुकला तर खातं मागे पडेल अशी धास्ती असते. प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, आणि थोरला रुसतो. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, आणि मला एक करडूसुद्धा दिलं नाहीत, असं तो बापाला म्हणतो. घरातच राहून त्याने करडाचा हिशोब धरला होता. मी त्या ओळी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यांत मी आहे हे कळायला चाळिशी उलटून गेली.

खातं बंद कसं करायचं

बायबलमध्ये फिलेमोनला लिहिलेलं प्रेषित पौलाचं पत्र आहे. अवघी पंचवीस वचनं, पाच मिनिटांत वाचून होतात. अनेसिम नावाचा दास फिलेमोनापासून, आपल्या धन्यापासून, पळाला आणि तुरुंगात पौलाला भेटला. नावाचा अर्थ 'उपयोगी', पण धन्याच्या लेखी निरुपयोगी ठरलेला. पौल त्याला परत पाठवतो आणि धन्याला लिहितो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. आणि त्याच पत्रात, त्याच्या थोडं आधी, पौल म्हणतो की तुझ्या संमतीशिवाय मी काही करणार नाही, तुझा चांगुलपणा जुलमाचा नसावा, खुशीचा असावा. देणं दुसऱ्याच्या खात्यावर जाणं आणि काम खुशीचं होणं, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. हिशोब खात्यातल्या माणसाला हे पत्र कुणीतरी आधीच समजावून द्यायला हवं होतं.

मला ते समजावलं आमच्या जुन्या खजिनदारांनी. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. रेल्वेतून निवृत्त झालेले, वय तेव्हा ऐंशीच्या पुढे, नाना पेठेत वाड्यातल्या दोन खोल्या. जिलेबीच्या त्या ताटानंतर तीन आठवड्यांनी, जानेवारी २००७ मध्ये, मी त्यांच्याकडे गेलो. ते पलंगावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते. मला बस म्हणाले आणि मूठभर शेंगा माझ्याकडे सरकवल्या. मी सोलता सोलता सांगायला लागलो. आकडा सांगितला, कुठल्या चार वेळा ते सांगितलं. ते थांबले नाहीत. शेंगेच्या टोकाला अंगठा दाबायचा, शिवण उकलायची, दाणे ताटलीत, साल खाली. मी बोलायचा थांबलो तरी अजून दोन शेंगा झाल्या.

मग म्हणाले, "मला माहीत होतं. लिलावात काय कितीला गेलं ते मी माझ्या डायरीत लिहून ठेवायचो. नारळ तीनशे दहाला गेला होता, तू दोनशे दहा लिहिलेस. मी माझ्या पेन्शनीतून भरले. मंडळीचा हिशोब त्याच वर्षी पुरा झालाय."

मी म्हणालो, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू येशील असं वाटलं. इतका उशीर लावशील असं नव्हतं वाटलं."

ते गप्प राहिले हे बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी १९९६ मध्येच माझा कान धरला असता तर त्या मुलाला मी बोललो नसतो. पण त्या दिवशी जे घडलं ते एवढंच: मी जे दहा वर्षं फेडतोय असं समजत होतो, ते खातं दहा वर्षांपूर्वीच बंद झालं होतं, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी स्वतःच्या खिशातून भरून बंद केलं होतं. क्रूसाबद्दल, तिथे प्रभूने आपलं देणं भरलं याबद्दल, मी शेकडो उपदेश ऐकले होते. तो मला त्या पलंगावर, नखांत हिरवं साचलेलं असताना कळला.

आता रीत सांगतो. चूक एका वाक्यात, कर्ता 'मी' ठेवून कागदावर लिहा. "माझ्याकडून काही उणं-दुणं झालं असेल तर" असं लिहू नका. मी काय केलं, कुणाचं, कधी, किती. तेवढं देवापुढे मोठ्याने वाचा. मग ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. त्यात सेवेच्या आधी समेट येतो, हा क्रम उलटा करू नका.

नुकसान पैशाचं असेल तर पैसे परत करा, पण ते सेवेच्या वहीत लिहू नका. माझा सगळा घोळ इथे झाला होता. मी सात हजार रुपये सतरंज्या अंथरून फेडत होतो. भाऊसाहेबांनी माझ्याकडून ७,३५० रुपये घेतले, मोजून घेतले, व्याज घेतलं नाही. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट बघा. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो असं तो म्हणाला खरा, पण ते प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यावर. आधी त्याने चौपट मोजून दिले आणि मग प्रभू जेवायला आला, असं नाही.

आणखी एक. मंडळीचा पैसा होता म्हणून भाऊसाहेब मला घेऊन पाळकसाहेबांकडे आणि मंडळीच्या पंचांकडे गेले. तिथे सगळं बोललो. पंचांनी क्षमा केली आणि पैसे मोजायचं काम काढून घेतलं. ते मला परत मिळालं नाही, मी मागितलंही नाही. क्षमा मिळाली म्हणजे तिजोरीची किल्लीही परत मिळाली, असा अर्थ कुणी काढू नये. ज्या कामात घसरलो त्याच कामावर परत बसवण्यात दया नसते.

समोरचा माणूस क्षमा करीलच असंही नाही. त्या मुलाच्या आईकडे मी घोरपडीला गेलो. दार तिनेच उघडलं. मी सांगितलं ते तिने उभ्याने ऐकलं आणि म्हणाली, "बघू." चहा विचारला नाही. ती पुढे दुसऱ्या मंडळीत जायला लागली. तिचं ते 'बघू' अजून 'बघू'च आहे, आणि तिला तो अधिकार आहे. देवाची क्षमा तिच्या उत्तरावर अडून राहत नाही, पण म्हणून तिच्या मागे लागून, वारंवार दार वाजवून ती वसूल करायची नसते.

लगेच कामाला लागू नका

भाऊसाहेबांनी मला सांगितलं, "सहा महिने काही करू नकोस. मागच्या बाकावर बस. प्रभुभोजन घे, घरी जा." मला ते शिक्षेसारखं वाटलं. सतरंज्या दुसरे अंथरत होते आणि मी हात बांधून बसलो होतो, ते पहिले दोन महिने फार जड गेले. पण त्याशिवाय मला कधी कळलंच नसतं की काही न करताही मला तिथे जागा आहे.

प्रभूचा शिष्य पेत्र याचं तसंच झालं होतं. प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत त्याने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तसा कोळशाचा विस्तव पुन्हा एकदाच येतो, शेवटच्या अध्यायात, तळ्याच्या काठी. त्यावर मासे भाजत असतात आणि मरणातून उठलेला प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. न्याहारी आधी होते. मग तो तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? पुन्हा असं करणार नाहीस ना, असं एकदाही विचारत नाही. आणि त्यानंतर काम येतं: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. तेव्हा तुम्हीही आधी न्याहारी करा. सहा महिने लागतील असं नाही, काहींना सहा आठवडे पुरतात. पण रिकाम्या हाताने बसून बघितल्याशिवाय उठू नका.

काम निवडताना

पहिलं काम असं घ्या की ज्यात तुमचं नाव पुकारलं जाणार नाही आणि ज्याला वेळ ठरलेली आहे. मी गुरुवार घेतला. ससूनला नगर, सोलापूर, बीडकडून पेशंट येतात. पेशंटला जेवण मिळतं, त्याच्यासोबत आलेल्या माणसाचे मात्र हाल होतात. आमच्याच मंडळीतल्या दोन मावश्या आधीपासून तिथे खिचडी न्यायच्या. त्यांना पातेलं उचलायला माणूस हवा होता.

मुलांनी विचारलं म्हणून प्रमाण देतो. पन्नास जणांसाठी चार किलो तांदूळ, दीड किलो मुगाची डाळ, सव्वा किलो कांदा, दोन किलो बटाटा. तांदूळ-डाळ तीन पाण्यांत धुऊन अर्धा तास निथळत ठेवायची. फोडणीला जिरं, हळद, आलं, थोडी मिरची. तिखट कमी, कारण दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटात तिखट सोसत नाही. पाणी नेहमीपेक्षा जास्त, खिचडी सैल हवी, डब्यात तासाभराने ती आळते. मीठ मावशी घालतात, मी नाही. उतरवताना वरून तूप. लिंबाचं लोणचं वेगळ्या बरणीत. पेशंटला आपण काही भरवायचं नाही, तिथल्या सिस्टरना विचारल्याशिवाय तर नाहीच. आपलं ताट सोबतच्या माणसासाठी.

ताटाखाली पत्रक ठेवायचं नाही. याबद्दल आमच्यात वाद झालेत आणि मी माझ्या बाजूवर ठाम आहे. मला जे मिळालं ते अटीशिवाय मिळालं. भुकेल्या माणसाला खिचडीच्या बदल्यात माझं ऐकायला लावलं तर मी पुन्हा वसुलीलाच बसलो. कुणी आपण होऊन विचारलं, तुम्ही का येता, तर मी सांगतो. लपवत नाही. मागे बार्शीकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं होतं. मुलगा आत ॲडमिट होता. मी प्रभूला मनात धरून म्हणालो, "माझं एक मोठं देणं कुणीतरी फेडलं, बाबा." तो म्हणाला, "मग तुम्ही त्याचं फेडताय." मी म्हणालो, "नाही, त्याने घेतलं नाही." त्याने जरा विचार केला आणि आणखी थोडी खिचडी मागितली.

खर्चाची वही मात्र चोख ठेवा, दोन सह्यांची. किराणा किती, गॅस किती, कुणी किती दिले. ती वही माझ्याकडे नसते. जी वही ठेवायची नाही ती मनातली: मी किती गुरुवार केले. मला एक सवय उपयोगी पडली. बुधवारी रात्री झोपताना आठवड्यातली एक गोष्ट लिहितो, जिची मला क्षमा मागावी लागली. बायकोवर ओरडलो, शेजाऱ्याचा फोन मुद्दाम उचलला नाही, असली. ती वाचून प्रार्थना करतो आणि झोपतो. गुरुवारी पातेलं उचलताना मी ताज्या क्षमेने उचलतो, २००७ च्या शिळ्या क्षमेने नाही.

"मला कसली मोठी क्षमा?"

आमच्यातल्या एका शिक्षिकाताईंनी हे विचारलं होतं. जन्मापासून मंडळीत, कुणाचा पै घेतला नाही. त्यांना माझी गोष्ट ऐकून वाईट वाटलं, पण आपली वाटली नाही. अशांनी उगाच स्वतःवर खोटी पापं चिकटवू नयेत. पंडिता रमाबाईंचं बघा. इंग्लंडमध्ये असताना तिथल्या सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनींनी, त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवायला नेलं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी तिथे आश्रयगृह होतं. रमाबाईंनी पाहिलं की त्यांतल्याच काही जणी आता बदलून गेल्या होत्या आणि स्वतःचं आयुष्य आजाऱ्यांच्या सेवेला देत होत्या. हे कशाने घडतं असं विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाची ती शांती त्यांना बऱ्याच वर्षांनी लाभली. दरम्यान १८८९ मध्ये मुंबईत त्यांचं शारदा सदन, विधवांसाठीची शाळा, निघून पुढच्या वर्षी पुण्याला आलंही होतं. म्हणजे एवढ्या विदुषीला, इतकं काम उभं केलेल्या बाईलाही, आपल्याला क्षमा हवी आहे हे सावकाश कळलं. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मुलींना वाचवायला धावल्या, केडगावला त्यांची 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली, आणि तिथे टाकलेल्या बायकांसाठी कृपासदनही निघालं. फुलहॅमला जे पाहिलं ते दौंडच्या रेल्वेलाइनीवर आलं. दौंडकडच्या लोकलने जाऊन एकदा बघून या, शिक्षिकाताईंना मी हेच सांगितलं. त्या जाऊन आल्या. काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सध्या त्या मंगळवारी ससूनला असतात, आमच्या गटात नव्हे, दुसऱ्या.

सोबतचा चुकतो तेव्हा

खरी परीक्षा ससूनच्या दारात होत नाही, स्वयंपाकघरात होते. कुणीतरी गॅस संपल्याचं सांगत नाही, कुणीतरी तुमच्या कामाचं श्रेय घेतं. अशा वेळी मी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला दाखला आकड्यांत मांडतो. राजाने एका चाकराला सोडलेलं देणं दहा हजार तलांतांचं. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. सहा कोटी रोज झाले. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. आणि त्या माफी मिळालेल्या चाकराने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिनारांसाठी.

लोक इथे म्हणतात, किती क्षुल्लक रक्कम! मला ते पटत नाही. आजचा रोज सहाशे धरला तर शंभर दिनार म्हणजे साठ हजार रुपये. साठ हजार क्षुल्लक नसतात. दुसऱ्याने तुमचं केलेलं नुकसान खोटं आहे असं प्रभू म्हणतच नाही. तो म्हणतो, तुझे साठ हजार खरे आहेत, आता त्यांच्या शेजारी तुला सोडलेले तीन हजार सहाशे कोटी मांड. तेव्हा कुणी दुखावलं तर "काही नाही, काही नाही" म्हणून गिळू नका. त्या माणसाला बाजूला घेऊन सांगा की हे मला लागलं. मग सोडा.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरी मार खाणाऱ्या बाईला, किंवा मंडळीतल्याच कुणी अंगचटी केलेल्या मुलीला, "क्षमा कर आणि त्याच्याबरोबर सेवेला उभी राहा" असं सांगणं हे पाप आहे. तिला आधी सुरक्षित जागा, पोलीस, तिच्या बाजूचा माणूस मिळाला पाहिजे. क्षमेचं काय ते ती आणि देव तिच्या वेळेने बघतील.

माणसं गोळा करणाऱ्यांसाठी

थोडक्यात. "कोणीच पुढे येत नाही, प्रभूने तुमच्यासाठी रक्त सांडलं आणि तुम्हाला दोन तास होत नाहीत" अशी जाहिरात उपासनेत करू नका. त्याने चार माणसं येतात आणि चौघंही फेडायला येतात. काम काय, वार कोणता, किती ते किती, कधी संपणार एवढं सांगा: गुरुवार, चार ते आठ, तीन महिने. तीन महिन्यांनी माणसाला मोकळं करा, राहायचं असेल तर तो राहील. नाही म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा बघू नका. आणि एखादा माणूस सगळ्याच कामांना पुढे दिसतोय, सुटीच घेत नाहीये, चिडचिडा झालाय, तर त्याचा सत्कार करू नका. त्याला घरी बोलवा.

या आठवड्यात

फिलेमोनला लिहिलेलं पत्र वाचा, पंचवीस वचनं. एक वाक्य लिहा. ज्याच्याकडे जायचं आहे त्याला आधी फोन करू नका, फोनवर ते बोलून टाकायचा मोह होतो. संध्याकाळी जा, माणूस घरी नसेल तर जिन्यात थांबा. बरोबर मिठाई नेऊ नका, ती लाच वाटते. मटाराचे दिवस असतील तर दोन किलो शेंगा घ्या, नसतील तर मेथीची जुडी. डोळ्याला डोळा भिडवून असलं बोलणं जड जातं. हातात काहीतरी असलं की जीभ सुटते. वर्तमानपत्र पसरा, मधे एक ताटली ठेवा, आणि सोलायला लागा.